जुना दागिना मोडीत घालण्याआधी: तोडे, कुड्या, पुतळ्या तपासायच्या कशा आणि राखायच्या कशा

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत एखाद्या मोठ्या पेढीवर आजीचे तोडे घेऊन गेलात, तर पाच मिनिटांत हिशेब हातात पडतो. काट्यावर वजन होतं, मशीनखाली कॅरटचा आकडा येतो, घट वजा होते आणि आजच्या भावानं रक्कम सांगितली जाते. हा हिशेब खोटा नसतो, पण तो फक्त धातूचा असतो. ठशावर हातानं उठवलेली वेल, एकेक रवा डाखून (वितळवलेल्या जोडधातूनं चिकटवून) बसवलेली किनार, शंभरेक वर्षांपूर्वी हातानं पैलू पाडलेला हिरा यांना त्या पावतीत रकानाच नसतो. दागिना एकदा मुशीत गेला की ही घडण परत मिळत नाही, आणि तसं काम करणारे हात आता फार थोडे उरले आहेत. म्हणून पेढीवर जाण्याआधी दोन संध्याकाळी घरी काढा. लागणारं सामान थोडकंच आहे.

डबा उघडल्यावर

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफ त्याला आयग्लास म्हणतात), जाड पांढरा टॉवेल, मोबाईलचा कॅमेरा आणि एक वही, एवढं जवळ घ्या. बसायचं ते खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सोन्याचा रंग फसवतो. टॉवेल अंथरायचा कारण नथीतला निखळलेला मोती किंवा कुडीची फिरकी फरशीवर पडली की सापडत नाही.

या टप्प्यावर काहीही धुऊ नका, पुसू नका. खाचांतला मळ कधी कधी सैल हिऱ्याला धरून ठेवत असतो. प्रत्येक दागिन्याचे तीन फोटो घ्या: समोरून, मागून आणि फाशाचा किंवा पेचाचा जवळून. मग वजन लिहा.

घरात जुनी चिठ्ठी सापडली तर तिच्यावर तोळे, मासे, गुंजा असतील. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ मासे म्हणजे १ तोळा आणि ८ गुंजा म्हणजे १ मासा. चिठ्ठीवर २ तोळे ४ मासे ३ गुंजा असेल तर २३.३३ अधिक ३.८९ अधिक ०.३६, म्हणजे सुमारे २७.५८ ग्रॅम. आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. 'चिठ्ठीत सव्वादोन तोळे होतं, आता पावणेतीन कसं झालं' हा गोंधळ इथून निघतो. उलट काट्यावर २६ च भरलं, तर दीड ग्रॅम कुठं गेलं ते शोधा: झिजून गेलं, एखादी कडी बदलली गेली, की दुरुस्तीच्या वेळी पत्र्याच्या आतली लाख कमी भरली.

आता दागिना उलटा करा. जुनं हातकाम समोरून जितकं सांगतं त्याहून जास्त मागून सांगतं. कानशीच्या बारीक समांतर रेघा, डाखाच्या जागी रंगात किंचित फरक, दोन पानांच्या आकारात केसाएवढी तफावत ही हाताच्या कामाची चिन्हं. साच्यात ओतलेल्या कामात मागे सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि सगळी पानं हुबेहूब सारखी असतात. 'अँटिक फिनिश' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या दागिन्यात काळपटपणा सगळ्या खाचांत एकसारखा भरलेला असतो. खऱ्या जुन्यात झीज ठरावीक ठिकाणी होते: हाराच्या शेवटच्या कडीत, जिथं कडी कडीला घासते तिथं, पाटलीच्या आतल्या बाजूला, नथीच्या तारेच्या वळणावर.

कुड्यांच्या फिरक्या तर हमखास तपासा. जुन्या फिरकीचं मळसूत्र हातानं कापलेलं असतं, त्यामुळे डावीची फिरकी उजवीला नीट बसत नाही. जबरदस्तीनं फिरवली तर सोन्याचे आटे मरतात आणि मग कुडी कानातून कधी पडली ते कळतही नाही. कुठली फिरकी कुठल्या कुडीची ते ठरलं की एकीच्या दांडीला लाल दोऱ्याचा एक वेढा देऊन ठेवा.

पुतळ्यांच्या हारात किंवा गळसरीत नाण्यासारखं काही असेल तर वेगळं पाहा. ब्रिटिश गिनी (सॉव्हरिन) ७.९९ ग्रॅमची, २२ कॅरटची असते. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही गिन्या पाडल्या गेल्या. त्यांवर घोडेस्वाराच्या बाजूला सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर, इंग्रजी 'आय' हे इवलंसं अक्षर असतं. कडी डाखल्यामुळे संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते, तरी मोडीच्या ढिगात टाकण्याआधी एवढं बघायलाच हवं.

शिक्का नाही म्हणजे खोट नाही

सोन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, २००० साली सुरू झालं. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, २०२१ पासूनचा, आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. तेव्हा १९५० च्या पाटलीवर शिक्का कुठून असणार? शिक्का नाही या कारणानं भाव पाडून मागितला तर तपासणीचा अहवाल मागा.

दुसरी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट १९६६ मध्ये उठली, मग १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. १९६४-६५ च्या लग्नातला दागिना १४ कॅरटचा निघाला, तर त्या सोनारानं फसवलं असं मनात आणू नका. त्यानं कायदा पाळला होता.

शुद्धता पाहायची तर बीआयएसची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात जा. तिथं ग्राहकही स्वतः दागिना नेऊन अल्प शुल्कात तपासून घेऊ शकतो. क्ष-किरणांचं मशीन दागिन्याला धक्का लावत नाही, पण ते वरच्या काही मायक्रॉनचाच थर वाचतं. वर मुलामा असेल तर आकडा चढतो, डाखावर नेमकं पडलं तर उतरतो. म्हणून तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा: मधला पत्रा, जोड आणि कडी. पत्रा ९१ टक्के आणि जोड ८२ टक्के आला तर ते जुन्या घडणीत अपेक्षितच आहे, कारण डाख लवकर वितळावा म्हणून त्यात तांबं आणि चांदी जास्त घातलेली असायची. मुशीतली तपासणी सगळ्यात अचूक, पण तिच्यासाठी नमुना कापावा लागतो. राखायच्या दागिन्याला ती करू देऊ नका.

भरीव आणि बिनखड्याचा दागिना असेल, उदाहरणार्थ गोठ, तर पाण्यातली परीक्षा घरीही होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. गोठ दोऱ्यानं असा सोडा की तो बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं गोठाचं कोरडं वजन भागा. २२ कॅरटच्या सोन्याला उत्तर साधारण १७.५ ते १७.८ येतं. २३.३० ग्रॅमच्या गोठाला काट्यावर १.३२ च्या आसपास दिसायला हवं. १.९ दिसलं तर एक तर तो आतून पोकळ आहे, नाहीतर सोनं हिणकस आहे. लाख भरलेल्या दागिन्याला ही परीक्षा लावण्यात अर्थ नाही. आकडाही चुकतो आणि फटीतून पाणीही आत जातं.

लाखेचं काम

जुने तोडे, पाटल्या, बाजूबंद, बोरमाळेचे मणी यांत बऱ्याचदा पातळ पत्र्याच्या आत लाख असते. पत्रा कागदासारखा पातळ ठेवून त्यावर ठसा खोल उठवता येतो आणि आतली लाख त्याला आधार देते. नुसत्या सोन्यात तेवढा जाड दागिना करायचा तर तिप्पट-चौपट सोनं लागेल. हे काटकसरीचं कारण असलं तरी त्यातून जी खोली आणि गोलाई मिळते ती भरीव कामात मिळत नाही.

ओळखायचं असं: दागिना आकाराच्या मानानं हलका लागतो, नखानं टिचकी मारली तर खणखणीत न वाजता बद्द वाजतो, आणि टोकाशी किंवा आतल्या बाजूला बारीक भोक किंवा टोपी दिसते. भोकात तपकिरी-लालसर काही दिसलं तर ती लाख.

लाखेचा शत्रू म्हणजे उष्णता. साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान ती मऊ पडते. गिझरच्या कडकडीत पाण्यात तोडे धुतले, हेअर ड्रायरनं वाळवले, की लाख सरकते, एका बाजूला गोळा होते आणि रिकाम्या जागेवर पत्रा पहिल्या धक्क्याला चेपतो. याहून वाईट घडतं ते दुरुस्तीत. आत लाख आहे हे न बघता कुणी जोडावर ज्योत धरली तर लाख उकळते, आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि पत्रा फुगतो किंवा शिवणीवर फाटतो. असा फुगवटा परत सपाट करता येत नाही, ठसा कायमचा जातो.

नीट दुरुस्तीचा क्रम वेगळा असतो. कारागीर आधी टोकाची टोपी उघडतो. दागिना हळूहळू गरम करून लाख वाहू देतो, आत चिकटलेली उरलीसुरली जाळून काढतो. मग रिकामा पत्रा आतून लाकडी किंवा पितळी दांडीनं उचलून पोचा काढतो, भेग डाखतो, आम्लाच्या पातळ पाण्यात उकळून साफ करतो, नवी लाख भरतो आणि टोपी बंद करतो. पत्रा रिकामा असताना त्याचं वजन करून घ्या आणि ते चिठ्ठीवर लिहून मागा. दागिन्यातल्या सोन्याचं खरं वजन कळण्याची ही एकच वेळ असते. पुढं कधी मोड घालायची वेळ आली तर 'लाखेचे अंदाजे इतके' या वाक्याला तुमच्याकडे लेखी उत्तर असतं.

आणखी एक सापळा म्हणजे करडे डाग. पूर्वी कुणीतरी घाईत शिशा-कथलाचा डाख लावलेला असतो, तो सोन्यावर राखाडी ठिपक्यासारखा दिसतो. त्यावर पुन्हा ज्योत लागली की शिसं सोन्यात शिरतं आणि सोनं ठिसूळ होऊन बिस्किटासारखं तुटतं. तो डाग आधी पूर्ण खरवडून काढावा लागतो. कारागिराला हा डाग तुम्हीच दाखवा; त्याला तो दिसेल असं गृहीत धरू नका.

हिरा भिंगाखाली

सात हिऱ्यांची कुडी घ्या, मधे एक आणि भोवती सहा. भिंग डोळ्याला टेकवा आणि कुडी भिंगाजवळ आणा. भिंग पुढेमागे करत बसू नका. जुन्या पैलूच्या हिऱ्यात वरचा सपाट भाग लहान असतो, माथा उंच असतो आणि वरून सरळ बघितलं की मधोमध एक इवलासा गोल दिसतो. हिऱ्याचं खालचं टोक तेव्हा अणकुचीदार न ठेवता सपाट घासत, त्याची ती खिडकी. सातही हिऱ्यांत ती दिसली आणि सातही एकमेकांपेक्षा थोडे थोडे वेगळे असले तर मूळ जडण शाबूत आहे. एकात खिडकी नाही, वरचा भाग मोठा आणि चमक बारीक तुकड्यांची, तर तो नंतर बदललेला आधुनिक पैलूचा हिरा. तळ सपाट आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू असतील तर तो रोझ कट. पोलकी त्याहून निराळी, जवळजवळ न घडवलेल्या चपट्या हिऱ्याची.

जुने हिरे किंचित पिवळसर असतात आणि मेणबत्तीच्या किंवा समईच्या उजेडात मोठमोठे रंगीत झोत टाकतात. ते पांढरे दिसावेत म्हणून कोंदण चांदीचं आणि मागचा भाग सोन्याचा अशी घडण अनेकदा केलेली असते. ती काळी पडलेली चांदी बघून 'पांढरा मुलामा देऊ' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. चांदी हलक्या हातानं पुसून उजळते, मुलाम्यानं मात्र कोंदणाच्या कडा बुजतात.

कोंदण मागून बंद असेल तर फार सांभाळा. रोझ कट आणि पोलकीच्या मागे चकाकी यावी म्हणून चांदीचा अतिपातळ पत्रा ठेवलेला असतो. फटीतून पाणी आत गेलं की तो काळवंडतो आणि हिरा एका रात्रीत मेल्यासारखा दिसतो. हिऱ्याला काही झालेलं नसतं, मागचा आरसा गेलेला असतो. पुन्हा बसवायला कोंदण उघडावं लागतं, आणि जुनी कोंदणाची कड फार तर एकदा-दोनदा उघडणं सोसते.

टेस्टरची लेखणी हिऱ्याची उष्णता वाहण्याची ताकद मोजते. काच आणि झिरकोनिया ती पकडते. मॉइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) साध्या टेस्टरला चकवतं आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच असल्यामुळे पासच होतो. टोक धातूला लागलं तरी आकडा चुकतो. लाल खड्यांबाबत एक सावधगिरी: कृत्रिम माणिक १९०२ पासून बनतं, त्यामुळे नथ खरोखर जुनी असूनही तिच्यातलं माणिक कारखान्यातलं असू शकतं. भिंगातून आत वक्र रेषा दिसल्या तर ते तसं आहे.

विकताना 'जुना पैलू आहे, रीकट करावा लागेल, वजन घटेल' म्हणून भाव कापतात. जुन्या पैलूला आज स्वतःचा बाजार आहे, तेव्हा ही वजावट मुकाट्यानं मान्य करू नका, दुसरीकडे दाखवा. जडलेल्या हिऱ्याचं वजन आणि प्रत मोजमापावरून काढलेला अंदाजच असतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

धुणं आणि उजाळा

भरीव सोनं, उघड्या कोंदणातल्या हिऱ्याखेरीज खडे-मोती-लाख काही नाही, अशाच दागिन्याला पाणी दाखवा. पाच-सहा रिठे रात्री कपभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. कोमट पाण्यात, म्हणजे मनगटाला जेमतेम ऊन लागेल इतपत, ते मिसळून दागिना दहा मिनिटं ठेवा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं खाचांतून हलकेच फिरवा. भांड्याखाली गाळणी असू द्या. उघड्या कोंदणाच्या हिऱ्याला मागून ब्रश लावला की निस्तेजपणा बहुतेक वेळा तिथंच जातो, कारण हिऱ्यावर तेल चटकन चिकटतं. बंद कोंदण फक्त ओलसर कापसाच्या काडीनं वरून पुसायचं.

टूथपेस्ट आणि सोड्यानं ओरखडे येतात. ब्लीच आणि तरणतलावातलं क्लोरीन डाखाच्या जागा ठिसूळ करतं. अल्ट्रासॉनिकच्या कंपनांनी लाख तडकते, सैल हिरा निसटतो.

सोसायटीच्या दारावर उजाळा देऊ म्हणून येणाऱ्यांना दागिना देऊ नका. त्यांच्या वाटीतलं पाणी तेजाब असतं, सोनं त्यात विरघळतं आणि नंतर ते काढून घेतात. पेढीवर उजाळा देतानाही चाकावर धरू नका म्हणून सांगा. चाकानं दर वेळी थोडं सोनं जातं आणि ठशाची धार बोथट होते. अकीकाच्या दगडानं हातानं घोटून ओप देणारा कारागीर शोधा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास आणि पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत चौकशी करा. नाही मिळाला तर लोकलनं मशीद बंदरला उतरून झवेरी बाजार. हिरे किंवा लाख जोडाच्या अगदी जवळ असेल तर लेझरनं जोडणारं काम मागा, त्यात उष्णता टिंबाएवढ्या जागेत राहते.

ओवणं, ठेवणं, कागद

ठुशी, तन्मणी, बोरमाळ यांचं रेशीम खाडीच्या दमट हवेत लवकर कुजतं. वापर असेल तर दर वर्षी पावसाळ्यानंतर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या, मोत्यांच्या मधे गाठी मारून; एक तुटला तरी बाकीचे ओघळत नाहीत. मणी मोजून द्या आणि मोजून घ्या. पारंपरिक कोल्हापुरी साजात २१ पानं असतात. तुमच्यात कमी असतील तर ती कधी गळली की मुळातच कमी होती ते जुन्या लग्नाच्या फोटोंतून कळू शकतं.

प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीत गुंडाळा, कारण हिरा सोन्यालाही ओरबाडतो आणि मोत्यालाही. मोती प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत कोंडू नका. रबरबँड तर चांदीजवळसुद्धा नको, त्यातल्या गंधकानं ती काळी पडते.

बँकेत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर लॉकरपोटी भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभरपट आहे. ३,००० रुपये भाडं असेल तर ३ लाख. तोड्यांची एक जोडीसुद्धा त्यात बसणार नाही, म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल करून विमा वेगळा उतरवा. त्या अहवालाला सुरुवातीला काढलेले फोटो आणि लाखेविना घेतलेलं वजन जोडा. शंभर वर्षांहून जुना दागिना परदेशात राहणाऱ्या मुलीकडे पाठवायचा असेल तर थांबा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा तिकीट काढण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा.